नागरी अक्षराचा खिळा

नमस्कार श्रोतेहो.

हिंदुस्थानातला पहिला छापखाना उतरला तो आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यात, १५५६ साली. तो निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. वाटेत जेझुइट पाद्री गोव्यात थांबले, पुढचे जाणे काही झाले नाही आणि यंत्र इथेच राहिले. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा पोर्तुगीज ग्रंथ गोव्यातच छापला गेला. १६१६ मध्ये राशोलला फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले. ओव्या अस्सल मराठी, पण अक्षरे रोमन. नागरीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, कुणाकडे नव्हतेच.

छापखाना आला तरी आपली अक्षरे छापायला अडीचशे वर्षे लागली. या दिरंगाईचे खापर आपण नेहमी लोकांच्या उदासीनतेवर फोडतो. मला ते पटत नाही. सुरतेचा व्यापारी भीमजी पारेख याने ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला आणि १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा इंग्रज मुंबईत आलाही. त्याला छापता येत होते, पण अक्षरे पाडता येत नव्हती. भीमजीने आपली माणसे कामाला लावून पाहिली, तरी ते तडीस गेले नाही. इच्छा होती, पैसा होता. अडले ते अक्षर पाडणाऱ्या हातापाशी.

हे अडते कुठे, ते जरा जवळून पाहू. आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. कानस आणि कोरणी घेऊन, केसाएवढा कण काढत. मधूनमधून ते टोक दिव्याच्या काजळीवर धरायचे आणि कागदावर दाबून बघायचे, गाठ नीट आली का, शिरोरेषा सरळ आहे का. मनासारखे झाले की पोलाद तापवून, पाण्यात बुडवून कडक करायचे. हा झाला पंच. तो तांब्यावर ठोकला की तांब्यात अक्षराचा खड्डा पडतो, ती मातृका. मातृका साच्यात बसवून वितळलेले शिसे ओतायचे, त्यात थोडे कथील आणि अँटिमनी. गार झाल्यावर हाती येतो तो खिळा, सुमारे तेवीस मिलिमीटर उंचीचा.

इंग्रजीला असे लहानमोठी सव्वीस-सव्वीस अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे केली की भागते. नागरीत मात्रा डोक्यावर बसते, उकार पायाशी, रफार वरून येतो आणि जोडाक्षरांना तर अंतच नाही. मग छापखान्यांनी दोन वाटा काढल्या. पहिलीत मात्रा आणि उकार पातळ खिळ्यांवर वेगळे घेऊन अक्षराच्या वरखाली बसवायचे. त्यात खिळे कमी लागतात, पण जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, थकतो आणि मात्रा जागेवरून सरकतात. दुसरी वाट अखंड टाइपाची : मात्रेसकट अक्षर एकाच खिळ्यावर ओतायचे. पान देखणे होते, पण त्यासाठी शेकडो पंच कोरावे लागतात. मुंबईने मुख्यतः ही अवघड वाट धरली आणि मराठी पानाला त्यामुळेच रूप आले, असे माझे मत आहे.

पण तिथवर येण्याआधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. नाना फडणिसांच्या काळात इंग्रज वकील मॅलेट याच्या पुढाकाराने पुण्यातल्या एका तांबटाला अक्षरे कोरण्याची विद्या मिळाली. तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरायला घेतली. १८०० मध्ये नाना वारले आणि काम थांबले. मग तो कारागीर मिरजेला गेला आणि पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये ती गीता छापून पुरी झाली. मात्र पत्रा कोरला की त्यातून तेवढे एकच पान निघते. त्याच वर्षी बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण खिळ्यांनी छापले गेले, आणि ती अक्षरे पुन्हा पुन्हा जुळवता येत होती. पुढे १८१० मध्ये केरींचा मराठी कोश आला, त्यात मराठी शब्द मोडीत होते.

मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ मध्ये मराठी छपाई सुरू केली, तीही बंगालमधून आणलेल्या खिळ्यांनी. या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी नागरी टाइप सुधारला आणि इथेच गणपत कृष्णाजी काम शिकले. त्यांनी पदरमोड करून लाकडी यंत्र उभे केले, दगड मिळवला, शाई स्वतः बनवली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापून, काढले. छापील शाईत चरबी असते म्हणून सोवळेवाले बिचकत, तेव्हा ते तूप घालून शाई करत, असे सांगतात. पुढे त्यांनी नागरी टाइपही पाडले.

अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात जावजी दादाजी नावाचा मुलगा खिळे घासायला होता. जन्म १८३९ चा, घरची गरिबी. त्याने १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये छापखाना, तोच निर्णयसागर. काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीतून संस्कृत ग्रंथ निघू लागले, काव्यमालेसारखी मालिका आली आणि देशभरचे पंडित निर्णयसागरची प्रत मागू लागले. शुद्ध पाठ हे त्याचे एक कारण. दुसरे कारण राणोजी रावजी आरू. जावजींच्या या मित्राने पंच कोरले. निर्णयसागरचे पान घ्या आणि 'क्ष' पहा, 'श्री' पहा, बारीक टाइपातली टीप पहा. रेषा कुठे जाड व्हावी आणि कुठे निमुळती व्हावी, हे या माणसाच्या बोटांना कळत होते. मुखपृष्ठावर नाव मालकाचे येते, पुढच्या काळातल्या पुस्तकांवर तुकाराम जावजींचे. राणोजींचे नाव छापायची रीत नव्हती. म्हणून ते आज नभोवाणीवरून मुद्दाम घेतो आहे.

आता एक विनंती. खिळामुद्रणाचे छापखाने बंद पडले, खिळे शिशाच्या भावाने भंगारात गेले. पण जुळारी अजून आहेत. तुमच्या गावात असा एखादा वृद्ध जुळारी असेल तर त्यांना भेटा. केसच्या, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीच्या, कुठल्या खणात कुठले अक्षर असे, 'र' ची किती रूपे लागत, कुठले जोडाक्षर नेहमी संपून जाई, हे विचारा, कागदावर खणांचे चित्र काढून घ्या, त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करा. प्रत्येक छापखान्याची खणांची मांडणी थोडी वेगळी असे आणि ती सहसा कुठे लिहिलेली नसे. जवळच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत द्या, आणि एक आमच्या केंद्राच्या पत्त्यावर जरूर पाठवा.