फळीवर वंदना

श्रोतेहो, नमस्कार. बाहेर भाद्रपदातला पाऊस, माजघरात गणपती, वर माटवीला, म्हणजे मूर्तीवर बांधलेल्या लाकडी चौकटीला, टांगलेली तवशी, कवंडळं, सुपारीचे घोस आणि खाली वीस-पंचवीस माणसं एका दमात आरती म्हणतायत. अजून आठ घरं घ्यायची आहेत, त्यामुळे चाल धावती. अशा वेळी कानाला काय ऐकू येतं आणि काय ऐकू आल्यासारखं वाटतं, त्याबद्दल आज बोलू या.

कुडाळ-सावंतवाडीकडे एक गोष्ट सांगतात. कोणाच्या घरची ते विचारू नका, दर वाडीत ती शेजारच्या वाडीच्या नावावर खपते. मुंबईहून चाकरमानी आले, बरोबर सात वर्षांचा मुलगा. पहिल्या रात्री आरती सुरू झाली. ‘लंबोदर पीतांबर’ आलं आणि पोरगा गणपतीकडे पाठ करून उजवीकडच्या भिंतीला हात जोडून उभा. ओळ संपली, परत गणपतीकडे वळला. सकाळी तेच. रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी धाकटी दोन चुलत भावंडंही त्याच्याबरोबर वळायला लागली, अगदी कवायत केल्यासारखी.

त्या भिंतीला एक लाकडी फळी होती. फळीवर पंचांग, बॅटरी आणि लाडवांचा डबा.

शेवटी आजीने विचारलं, “रे बाबू, थंय कोणाक हात जोडतंस?”

पोरगा म्हणाला, “तुम्हीच सगळे म्हणता ना, ‘फळीवर वंदना’!”

घरभर हशा पिकला. हसले नाहीत ते फक्त आजोबा. चाळीस वर्षं आरतीला सूर लावणारे आजोबा उठले, देवाजवळची आरत्यांची पोथी काढली, चष्मा पुसला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं, ‘लंबोदर पीतांबर फणिवरबंधना’. मग बराच वेळ गप्प. चाळीस वर्षं तेही फळीवरच वंदना करत होते, वळत नव्हते एवढंच.

आता आजीची पाळी. “फणी? म्हणजे केस विंचरूची?” आजोबा म्हणाले, “नाग गो! फणा काढता तो.” फणिवर म्हणजे थोर नाग, आणि गणपतीच्या पोटाला नागाचाच पट्टा बांधलेला असतो, म्हणून फणिवरबंधना. आजीने मूर्तीच्या पोटाकडे निरखून पाहिलं. मूर्तिकाराने तिथे सोनेरी रंगाचा पट्टा रंगवला होता, बकल लावून. (मूर्तिशाळेत हल्ली नाग का दिसत नाही, हा खरं तर वेगळ्या भाषणाचा विषय आहे. सोनेरी रंगाचा डबा उघडला की सगळं सोनेरी.)

आता त्या पोराचा कान कुठे घसरला ते बघा. फक्त तीन अक्षरं बदलली. ‘ण’चा ‘ळ’ झाला: दोन्हीला जीभ मागे वळते, फरक नाकातून हवा जाण्याचा. ‘ब’चा ‘व’ झाला: दोन्ही ओठांजवळचे. ‘ध’चा ‘द’ झाला: श्वासाचा जोर गेला. तीनच अक्षरं. शिवाय त्याच कडव्याच्या शेवटी ‘सुरवरवंदना’ येतं, तिथली ‘वंदना’ कानाने आधीच उचलली. आणि फळी समोर होतीच. अनोळखी शब्द आला की कान घरातली ओळखीची वस्तू शोधतो. ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ होतं ते असंच, कारण संकष्टीचा उपास घरात असतो.

परदेशातही हेच. सिल्विया राइट या अमेरिकी लेखिकेने लहानपणी एका स्कॉटिश पोवाड्यात, सरदाराला मारून ‘लेड हिम ऑन द ग्रीन’, म्हणजे हिरवळीवर ठेवलं, या जागी ‘लेडी माँडग्रीन’ ऐकलं आणि सरदाराबरोबर एक बाईही मारून टाकली. १९५४ साली तिने त्यावर लेख लिहिला. तेव्हापासून इंग्रजीत अशा चुकीला माँडग्रीन म्हणतात. आपण फळीवर म्हणायला हरकत नाही.

दुसरा गुन्हेगार झांज. ‘स’ची सळसळ बरीचशी ४,००० हर्ट्झच्या वर असते, आणि झांजेचा किणकिणाटही त्याच पट्ट्यात पसरतो. आ, ई, ओ हे स्वर खालच्या पट्ट्यात, ते टिकतात. व्यंजनं बुडतात. पुन्हा सांगतो: स्वर टिकतात, व्यंजनं बुडतात. मग विठ्ठलाच्या आरतीत ‘कुरवंड्या येती’चे ‘सुरवंट्या येती’ होतात. कुरवंडी म्हणजे ओवाळणी. पुढच्याच ओळीत ती चंद्रभागेत सोडतात. सुरवंट सोडून कोणाचं भलं होणार?

भजनमंडळांसाठी थोडं. माइक तोंडापासून चार बोटं आणि जरा तिरका धरा, समोर धरलात तर ‘फ’, ‘भ’ची हवा थेट आत शिरते आणि नुसता धप्प आवाज येतो. झांजवाले माइकच्या मागे, चार पावलं लांब. अँप्लिफायरवरचा इको शून्यावर. इकोने बुवांचा गळा मोठा वाटतो हे खरं, पण मागच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते आणि शब्द चिकटतात. इको शून्यावर, हे लिहून ठेवा. अडलेली ओळ चाल काढून नुसती बोला, मग जोडशब्द तोडा: फणिवर, बंधना. पोथी मात्र दोन ठिकाणची ताडून बघा. बँकेच्या जाहिरातीसकट फुकट वाटलेल्या पुस्तिकांत छापायच्या चुका पुष्कळ.

आणि पहिलीच ओळ. सगळे ‘वार्ता विघ्नाची’वर थांबतात, मग ‘नुरवी पुरवी’ हे उलटसुलटसारखं जोडनाव वाटायला लागतं. नुरवी म्हणजे न उरवी. विघ्नाची वार्ताही उरू देत नाही, आणि प्रेम पुरवतो. आज रात्री एकदा असं म्हणून बघा: सुखकर्ता दुःखहर्ता, वार्ता विघ्नाची नुरवी... इथे श्वास... पुरवी प्रेम कृपा जयाची. तेवढ्यापुरती झांज हातात धरून ठेवा.