वीसचा आकडा आणि आठ पट पाणी

(दृश्य : नदीकाठ. सांडपाण्याचा पाइप पात्रात उतरलेला.)

सांडपाणी नदीत सोडायचंच आहे, तर ते किती स्वच्छ करून सोडावं? हा प्रश्न सोडवायला ब्रिटनमध्ये १८९८ साली रॉयल कमिशन नेमलं गेलं. आकडा हाती यायला १९१२ उजाडलं. आयोगाच्या आठव्या अहवालात तो होता : सांडपाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन ओढून घेतात ती मात्रा, लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या वर नको. आणि तरंगणारा गाळ ३० मिलिग्रॅमच्या वर नको.

हा वीस आला कुठून, ते गणित आजही पाहण्यासारखं आहे. बीओडी ४ पर्यंत असेल तोवर नदी ठीक राहते, त्यापुढे बिघडल्याची चिन्हं दिसू लागतात, असं आयोगाला आढळलं होतं. चांगल्या नदीची बीओडी त्यांनी २ धरली. आता सांडपाण्याच्या एका भागात नदीच्या पाण्याचे आठ भाग मिसळा. आठ दुणे सोळा, अधिक सांडपाण्याचे वीस, झाले छत्तीस. एकूण भाग नऊ. छत्तीसला नवाने भागा. उत्तर चार.

(क्षणभर निवेदन थांबते. पडद्यावर फक्त गणित.)

म्हणजे त्या विसाच्या पाठीशी आठ पट पाणी उभं होतं. नदीला पाणी भरपूर असेल तर सूट द्या, कमी असेल तर अट आणखी कडक करा, हेही आयोगाने लिहून ठेवलं होतं. पुढे आकडा देशोदेशी गेला, आणि आठ पट पाण्याची अट बऱ्याच ठिकाणी मागेच राहिली. उन्हाळ्यात जिची धार बोटभर उरते, अशा नदीत वीसचं पाणी सोडलं तर पात्रातून वाहतं ते बहुतेक सांडपाणीच. कागदोपत्री मात्र सगळं नियमात! पाण्याचं कुठलंही मानक समोर आलं की आधी त्याची अट विचारावी, ती याचसाठी.

(दृश्य : प्रयोगशाळा. काचेच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या जात आहेत.)

पिण्याच्या पाण्याची मर्यादा वेगळ्या वाटेने येते. जंतूंबाबत फारसा वाद नाही : १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय सापडता कामा नये. खरी कसरत रसायनांची. एखादं रसायन प्राण्यांना रोज देत राहिलं, तर कोणत्या मात्रेपर्यंत अपाय दिसत नाही, हे आधी शोधतात. समजा, ती मात्रा वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम निघाली. ती माणसाला तशीच लावत नाहीत. प्राण्यात आणि माणसात फरक, म्हणून दहाने भागायचं. माणसामाणसांतही फरक, म्हणून पुन्हा दहाने. उरलं ०.१. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबातला प्रौढ माणूस ६० किलोचा आणि रोज २ लिटर पाणी पिणारा. त्याला दिवसाला चालतील ६ मिलिग्रॅम. पण तेच रसायन अन्नातून आणि हवेतूनही येतं, म्हणून पाण्याच्या वाट्याला अनेकदा फक्त २० टक्के, म्हणजे १.२. ते दोन लिटरमध्ये वाटलं की लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम.

यात मोजलेलं किती आणि धरलेलं किती, ते पाहा. मोजलेला आकडा एकच. दहा, पुन्हा दहा, साठ, वीस टक्के, दोन लिटर हे सगळे धरलेले. आपल्याला काय माहीत नाही ते हिशेबात उघड मांडण्याची ही प्रामाणिक रीत आहे, असं आम्हाला वाटतं. धरलेलं काय, ते वाचणाऱ्याला ठाऊक हवं, इतकंच.

कधी तो साठ किलोचा माणूस बाजूलाच ठेवतात. नायट्रेटची लिटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांवरून ठरली आहे. पावडरच्या दुधात जास्त नायट्रेटचं पाणी गेलं तर बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते आणि ते निळं पडू लागतं.

(दृश्य : सभागृह. सुनावणी चालू आहे.)

शास्त्रज्ञांचा आकडा कायद्यात येईपर्यंत मध्ये खर्चाचा प्रश्न येतो. अमेरिकेत तर आकडेच दोन असतात : एक आरोग्याचं उद्दिष्ट, दुसरी सक्तीची मर्यादा. आर्सेनिकचं उद्दिष्ट शून्य आहे. मर्यादा मात्र १९४२ पासून लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम होती. २००० साली तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ५ चा मसुदा काढला आणि हरकती-सूचना मागवल्या. ३ पर्यंत पोचणं तंत्राला शक्य होतं, पण छोट्या गावांच्या पाणी योजनांवर त्याचा भार जबर पडला असता. खर्च आणि लाभ तोलून २००१ साली आकडा ठरला १०. पाळणं बंधनकारक झालं २००६ च्या जानेवारीपासून. जागतिक आरोग्य संघटनेने १० हा आकडा १९९३ मध्येच सुचवला होता, तोही तात्पुरता म्हणून. बांगलादेशात मर्यादा अजून ५० आहे.

आकडा राजपत्रात छापून आला, की पुढचा प्रश्न नमुना कुठला घ्यायचा हा. शिशाच्या बाबतीत सारा खेळ इथेच आहे. शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाण्यात शिसं जवळपास नसतं. ते उतरतं जुन्या पाइपांतून आणि सांध्यांतून, पाणी रात्रभर थांबून राहिलं की जास्त. म्हणून अमेरिकेच्या १९९१ च्या नियमानुसार किमान ६ तास न वापरलेल्या नळाचं पहिलं एक लिटर पाणी घ्यायचं. दहा टक्क्यांहून अधिक नमुने १५ मायक्रोग्रॅमच्या वर गेले, तरच यंत्रणेला उपाय करणं भाग. म्हणजे शंभरातल्या दहा घरांत शिसं जास्त निघालं, तरी योजना नियमात बसते! त्यातही, आदल्या रात्री नळ वाहता ठेवून पाइप धुऊन घ्या, अशा सूचना काही ठिकाणी नमुना देणाऱ्यांना दिल्या जात. आकडा आपोआप खाली येई. असं करू नका, हे पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ मध्ये लेखी कळवलं.

(दृश्य : खणलेला रस्ता. जुना पाइप बाहेर काढला जातो आहे.)

युरोपीय संघाने २०२० च्या निर्देशात शिशाची मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. ती गाठायची मुदत आहे जानेवारी २०३६. एवढी लांब मुदत का, याचं कारण रस्त्यांखाली आणि घरांच्या भिंतींत आहे. रस्त्याखालचा पाइप पाणीपुरवठा यंत्रणेचा, भिंतीतला घरमालकाचा. दोन्ही बदलल्याशिवाय तोटीतून पाचचं पाणी येणार नाही, आणि भिंत फोडायला नियामकाने सांगायचं कुणाला आणि खर्च कुणी करायचा, हे ज्या त्या देशाला ठरवायचं आहे.