खानने तो चेहरा पाहिला कधी?

(दृश्य : गोदाघाटावरची संध्याकाळ. त्यानंतर गंगापूर रस्त्यावरच्या एका घरातला उजेड.)

डिसेंबरमध्ये नाशिकला दिवस मावळताच थंडी अंगात शिरते आणि माणसे लवकर घरात परततात. या घरात मात्र महिन्यातल्या एका रविवारी सहा-सात माणसे मुद्दाम बाहेरून येऊन बसतात, आणि आज ती सारी एकाच दृश्याकडे तिसऱ्यांदा पाहत आहेत. ते दृश्य ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेवरच्या ‘द रॅथ ऑफ खान’ या १९८२ सालच्या चित्रपटातले आहे. धुळीच्या वादळांनी झोडपलेल्या एका ओसाड ग्रहावर खान नूनियन सिंग हा हद्दपार सम्राट हाती लागलेल्या दोन अधिकाऱ्यांना न्याहाळतो. कॅप्टन टेरेलला तो म्हणतो की तुला मी ओळखत नाही. मग तो दुसऱ्याकडे वळतो, आपण चेहरा कधीच विसरत नाही असे सांगतो आणि त्याला नावाने हाक मारतो : चेकॉव्ह. इथे चित्र थांबवले जाते, कारण ज्या भागात खान पहिल्यांदा आला, त्या भागात चेकॉव्ह नव्हताच.

तो मूळ भाग ‘स्पेस सीड’. अमेरिकेत तो १६ फेब्रुवारी १९६७ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. एंटरप्राइझ यानाला अवकाशात ‘बॉटनी बे’ नावाचे एक जुने, भरकटलेले जहाज सापडते. त्यात १९९०च्या दशकातली माणसे गोठवून निजवलेली असतात. त्यांची बारा यंत्रे बिघडलेली असतात आणि बहात्तर माणसे जिवंत असतात. जनुकीय निवडीतून घडवलेल्या या माणसांनी एकेकाळी पृथ्वीवर सत्ता गाजवलेली असते आणि खान त्यांचा नेता असतो. तो एंटरप्राइझ बळकावण्याचा प्रयत्न करतो आणि हरतो. यानाचा कॅप्टन कर्क त्याला तुरुंगात न टाकता सेटी अल्फा या ताऱ्याच्या पाचव्या ग्रहावर सोडून देतो. शेवटी कर्कचा सहकारी स्पॉक म्हणतो की आज पेरलेल्या या बीजातून कोणते पीक उगवले, हे पाहायला शंभर वर्षांनी परत येणे उद्बोधक ठरेल. एंटरप्राइझवरचा अधिकारी चेकॉव्ह याची भूमिका करणारे वॉल्टर कोनिग मालिकेत आले ते दुसऱ्या पर्वात, आणि ते पर्व सप्टेंबर १९६७मध्ये सुरू झाले. दोहोंमध्ये सात महिन्यांचे अंतर आहे.

(दृश्य : टेबलावर उघडी वही. निळ्या शाईत तारखांचे कोष्टक.)

इथे जमलेल्या थोरल्या मंडळींनी ही मालिका ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर पाहिली आहे. त्यांतले एक काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. छापलेल्या कागदावरचा दोष शोधण्यात त्यांची नोकरी गेली आणि ती नजर अजून शाबूत आहे. दुसरे सर ओझरच्या विमान कारखान्यात होते. तिथे प्रत्येक भागाला क्रमांक असतो आणि प्रत्येक बदलाची नोंद असते. ही वही त्यांनीच घातली आहे. अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाणारा एक तरुण आहे, आणि जयंत नारळीकरांच्या कथांच्या बोटाला धरून खगोलशास्त्राकडे वळलेली एक विद्यार्थिनी आहे. पंचवटीत राहणाऱ्या, संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या बाई मात्र या मालिकेकडे उशिरा, नातवंडांमुळे वळल्या. माझ्या मते या बैठकीला तिचा खरा आकार बाईंनीच दिला.

चेकॉव्हच्या प्रश्नाला जगभरच्या चाहत्यांनी दिलेले सर्वांत सरळ उत्तर असे आहे की तो यानावर होता, फक्त कॅमेऱ्यासमोर आला नाही. यानावर चारशेहून अधिक माणसे आहेत. अंबडच्या तरुणाला हे उत्तर लगेच पटले. “पहिल्या पाळीच्या माणसाला तिसऱ्या पाळीचा माणूस वर्षभर दिसत नाही, काका. दोघांचं यंत्र एकच असतं,” असे तो म्हणाला. सरांनी त्याला वहीतला पुरावा जोडून दिला. दुसऱ्या पर्वासाठी सर्वांत आधी चित्रित झालेल्या ‘कॅट्सपॉ’ या भागात चेकॉव्ह आहे. त्या भागाची स्टारडेट, म्हणजे कथेतली तारीख, ३०१८.२ आहे, तर ‘स्पेस सीड’ची ३१४१.९ आहे. कथेच्या पंचांगाप्रमाणे मोजले तर खान भेटण्याच्या आधीपासून चेकॉव्ह यानावर आहे.

हा पुरावा पहिल्यांदा ऐकताना मन सुखावते. परंतु काकांनी त्याची दुसरी बाजूही तपासली. मूळ मालिकेच्या लेखकांना स्टारडेटसाठी कोणताही चार आकडी अंक घेण्याची मुभा होती आणि त्यामागे ठरलेली गणना नव्हती. ज्या पंचांगावर ते करणाऱ्यांचाच भरवसा नव्हता, त्याची एक तिथी आपल्या सोयीची निघाली म्हणून ती प्रमाण मानायची का, असा त्यांचा प्रश्न होता. शिवाय खान केवळ नाव सांगत नाही, चेहरा ओळखतो. आजारी असताना त्याने पडद्यावर यानाची तांत्रिक माहिती वाचली होती, हे मूळ भागात आहे. तिथेच त्याने यानावरच्या कर्मचाऱ्यांची यादीही पाहिली असेल असे मानले तरी यादीतून ओळख पटते ती नावाची, आणि वाक्य मात्र चेहऱ्याबद्दल आहे.

यापुढचा मुद्दा विद्यार्थिनीने मांडला, आणि तो चेहऱ्याच्या मुद्द्याहून जड आहे. चेकॉव्ह ‘स्पेस सीड’च्या वेळी यानावर होता असे मानले, तर खान कोणत्या ग्रहावर सोडला गेला हे त्याला ठाऊक असायला हवे. चित्रपटात तोच चेकॉव्ह रिलायंट या यानावरून नेमका सेटी अल्फाच्या ग्रहमालेत येतो, ग्रहावर उतरतो, आणि एका पट्ट्यावर ‘बॉटनी बे’ हे नाव वाचेपर्यंत त्याला काहीही आठवत नाही. नाव वाचताच त्याचा धीर सुटतो, म्हणजे त्या जहाजाचा इतिहास त्याला माहीत आहे. खानने त्याला ओळखावे यासाठी चेकॉव्ह यानावर असायला हवा, आणि त्याने निर्धास्तपणे तिथे उतरावे यासाठी तो यानावर नसायला हवा. पहिले भोक बुजवण्यासाठी कापड ओढले की दुसरे मोठे होते.

(दृश्य : पाटीवर खडूने काढलेला तारा आणि त्याभोवतीच्या सहा कक्षा.)

रिलायंटच्या माणसांची समजूत अशी असते की ते सहाव्या ग्रहावर उतरले आहेत. खान त्यांना सांगतो की हा पाचवा ग्रह आहे. आपल्याला इथे सोडल्यानंतर सहा महिन्यांनी सहाव्या ग्रहाचा स्फोट झाला आणि त्या धक्क्याने या ग्रहाची कक्षा सरकली. विद्यार्थिनी पाटीसमोर उभी राहून हे सावकाश तपासते. निर्वात पोकळीत हवाच नसल्यामुळे धक्क्याची लाट वाहून न्यायला माध्यम नाही. उडालेले तुकडे ग्रहावर आदळून तिथले हवामान उद्ध्वस्त करू शकतील, आणि ओसाड वाळवंटाचे स्पष्टीकरण तेवढ्यावर भागते. ग्रहाची कक्षा मात्र मुख्यतः ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाने ठरते. आपल्या सूर्यमालेतल्या सर्वांत मोठ्या ग्रहाचे, गुरूचे, वस्तुमान सूर्याच्या साधारण एक हजारांशाइतके आहे. असा एखादा ग्रह नाहीसा झाला तरी शेजारी ग्रह नेमका त्याच्या जागी जाऊन बसणार नाही. आणि समजा बसला, तरी ग्रहमालेत शिरणाऱ्या यानाला एक ग्रह कमी भरतो हे दिसायला हवे होते. इथे सरांचा आवाज थोडा चढला : “उतरण्याआधी ग्रह मोजायचे नाहीत, ही कसली नोंद?” तीस वर्षे नोंदी तपासलेल्या माणसाला झालेला हा मनापासूनचा त्रास आहे.

याच टप्प्यावर बाई बोलू लागल्या. आपल्याकडे शास्त्रग्रंथांत दोन वाक्ये एकमेकांविरुद्ध गेली की त्यांची एकवाक्यता करण्याची पद्धत फार जुनी आहे आणि तिला नियमही आहेत. एखादा विरोध मिटवण्यासाठी जितके कमी मानावे लागेल तितके बरे. याला कल्पनालाघव म्हणतात. न सांगितलेल्या गोष्टींचा ढीग रचावा लागला तर तो कल्पनागौरवाचा दोष होतो. या कसोटीवर बाईंनी एकेक उत्तर घासून पाहिले. ‘चेकॉव्ह दुसऱ्या पाळीत होता’ हे लाघव आहे, कारण तिथे एकच साधी गोष्ट मानावी लागते. ‘तो होता, त्याला ग्रह ठाऊक होता, पण त्या मोहिमेचे कागद गुप्त ठेवले गेले, पुढे त्याला विसर पडला, आणि नकाशाही चुकीचा होता’ हे गौरव आहे. बाईंचा निर्णय असा की चेकॉव्ह यानावर होता एवढे मानावे आणि त्याची विस्मृती ही कथेतली उघडी चूक म्हणून तशीच राहू द्यावी. मला हा निर्णय योग्य वाटतो. प्रत्येक चुकीला उत्तर देण्याचा हट्ट धरला की उत्तरेच मूळ कथेहून लांब होतात.

सालांचा घोळ याहून जुना आहे. ‘स्पेस सीड’मध्ये बॉटनी बे १९९०च्या दशकातले आहे आणि कर्क खानला सांगतो की तुम्ही अंदाजे दोन शतके निजला होता, म्हणजे कथा २१९०च्या सुमारास येते. याच मालिकेच्या १२ जानेवारी १९६७च्या भागात ट्रेलेन हा परग्रहवासी पृथ्वीवरचे जे पाहतो ते नऊशे वर्षांपूर्वीचे असते, आणि तो १८०४ साली झालेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनच्या द्वंद्वाचा दाखला देतो. त्या हिशेबाने कथा २७००च्या पुढे जाते. २६ जानेवारीच्या भागात यान १९६०च्या दशकात मागे येते. तिथे एक अधिकारी कर्कला दोनशे वर्षे कोंडून ठेवण्याची धमकी देतो आणि कर्क म्हणतो की तेवढी बरोबर होतील. पाच आठवड्यांत एकाच मालिकेने आपल्या काळाची तीन उत्तरे दिली. १९८८मध्ये पुढच्या मालिकेने पडद्यावर २३६४ हे साल स्पष्ट उच्चारले, तेव्हा मागचा हिशेब बसवणे शक्य झाले आणि ‘स्पेस सीड’ला २२६७ हे साल मिळाले. त्यामुळे खानची झोप दोन शतकांवरून पावणेतीन शतकांवर गेली.

मूळ भागात खानची सत्ता १९९२ ते १९९६ अशी आहे. मग खरे १९९६ उजाडले आणि सरले. जनुकीय सम्राटांचे युद्ध काही झाले नाही. त्याच वर्षी ‘स्टार ट्रेक’च्याच ‘व्हॉयेजर’ मालिकेतली पात्रे १९९६च्या लॉस एंजेलिसमध्ये उतरली आणि तिथेही युद्धाची खूण नव्हती. २०२३मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या आणखी एका ‘स्टार ट्रेक’ मालिकेने अखेर उत्तर दिले. कालप्रवासी हस्तक्षेपांमुळे घटना पुढे ढकलल्या गेल्या, आणि १९९२मध्ये घडायचे ते लांबून खान एकविसाव्या शतकात लहान मूल म्हणून दिसला.

बाईंना यात कल्पभेद दिसला. एकाच कथेचे दोन तपशील जुळले नाहीत की जुने कथेकरी सांगत असत की ही गोष्ट त्या कल्पातली आणि ती या कल्पातली. पंचवटीत राहणाऱ्याला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. सीतागुंफा आपल्या गल्लीत आहे आणि भद्राचलमजवळची पर्णशाळाही स्वतःला पंचवटी म्हणवते, हे दोन्ही सांगणारे यात्रेकरू त्यांच्या दारावरून जातात. तरीही बाई कल्पभेदाला शेवटचा उपाय मानतात, कारण त्याने कोणताही विरोध मिटतो आणि म्हणून तो वापरला की तपासण्यासारखे काही उरत नाही. मीही २०२३चे उत्तर स्वीकारत नाही. १९६७मधल्या लेखकांना तीस वर्षांवरचे भविष्य जसे भयावह दिसले, तसे ते त्या कथेत राहू द्यावे. आपले १९९६ वेगळे निघाले म्हणून त्यांचे १९९६ पुसण्याची गरज नाही.

काकांनी आणखी एक दोष दाखवला, जो परदेशी याद्यांत अनेकदा खाली राहतो. मूळ भागात इतिहासतज्ज्ञ मार्ला मॅकगिव्हर्स निजलेल्या खानकडे पाहून तो उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असा अंदाज करते. पण तो गुळगुळीत दाढी केलेला आहे आणि त्याने केस राखलेले नाहीत. पगडी दिसते ती तिनेच रंगवलेल्या चित्रात. पहिल्या आराखड्यात हे पात्र उत्तर युरोपातले होते आणि पुढे ते भारतीय केले गेले. भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँतालबान यांनी केली आणि ती ताकदीने केली. काकांचे म्हणणे असे की ही विसंगती नव्हे, हे अज्ञान आहे, आणि अज्ञानाची एकवाक्यता करायची नसते. वहीत त्यांनी त्यासाठी वेगळे पान ठेवायला लावले.

(दृश्य : पुन्हा पडदा. मॅकॉय कर्कच्या वाढदिवसाला एक बाटली आणतो.)

रात्रीचे साडेनऊ झाले तेव्हा सरांनी चित्रपटाचा सुरुवातीचा प्रसंग लावला. यानाचा डॉक्टर मॅकॉय कर्कला रोम्युलन या परग्रहवासी जमातीचे मद्य भेट देतो. कर्क बाटलीवरचे २२८३ हे साल वाचतो, आणि मॅकॉय म्हणतो की ते आंबायला वेळ लागतो. म्हणजे चित्रपट २२८३च्या आधी घडत नाही. पण खानला सोडून पंधरा वर्षे झाली असे चित्रपटच सांगतो. २२६७ मध्ये पंधरा मिळवले की २२८२ येतात आणि बाटली एक वर्ष पुढे जाते. अधिकृत कालक्रमात चित्रपट २२८५मध्ये आहे, म्हणजे अंतर अठरा वर्षांचे. सर हे सारे आकडे एकाखाली एक मांडत होते. काकांनी वही आपल्याकडे ओढली आणि कथेतली साले सोडून प्रक्षेपणाची साले लिहिली : १९६७ आणि १९८२. वजाबाकी पंधरा आली.

माँतालबान खरोखर पंधरा वर्षांनी म्हातारे झाले होते, आणि कर्क व स्पॉक यांची कामे करणारे नटही. लेखकांनी ते अंतर कोणत्याही काल्पनिक पंचांगातून घेतले नव्हते. काकांनी त्या ओळीपुढे, प्रेसमध्ये तपासलेल्या कागदावर करत तशी, लहानशी बरोबरची खूण केली. सरांनी चित्र पुन्हा खानच्या चेहऱ्यावर आणून थांबवले, आणि विद्यार्थिनीने पुढच्या रविवारसाठी विचारले की ‘स्पेस सीड’मधला खानचा साथीदार ज्वाकिन आणि चित्रपटातला योआकिम हा एकच माणूस असेल, तर पंधरा वर्षांनी तो इतका तरुण कसा.