फाईल चांगली होती, तरी परत गेली

(दृश्य: टेबलावर कर्जाची फाईल, पानं उलटणारा हात)

हा हात कर्ज मंजूर करणाऱ्या ऑफिसरचा. कमाईचा आकडा त्याने कधीच बघितलाय, आत्ता तो स्टेटमेंटमधे महिनाअखेरीला खात्यात काय उरतं ते शोधतोय. कमाई दणदणीत पण २५ तारखेला खातं कोरडं, तर हप्ता येणार कुठनं? पण हा झाला एका माणसाचा हिशोब, आणि बँकेला असे हजारो सांभाळायचे असतात.

समजा १००० जणांना प्रत्येकी १ लाख दिले, म्हणजे १० कोटी. जुना रेकॉर्ड सांगतो की अशा गटातल्या २ टक्के लोकांचे हप्ते वर्षाला थकतात, म्हणजे साधारण २० जण, कोण ते कुणालाच माहीत नाही. तारण विकून, जामीनदाराच्या मागे लागून त्यातले ६० टक्के पैसे परत आले तर बुडाले ८ लाख, एकूण कर्जाच्या ०.८ टक्के. याला म्हणतात अपेक्षित तोटा, आणि तो बँक आधीच व्याजदरात धरून टाकते. म्हणजे जे वेळेवर फेडतात तेच न फेडणाऱ्यांचं थोडं थोडं भरत असतात, राग येण्यासारखंच आहे हे.

या हिशोबात अजून एक आकडा लपलाय, तो म्हणजे माणूस थकेल त्या दिवशी त्याच्याकडे बाकी किती असेल.

(दृश्य: कॅश क्रेडिट खात्याचा आलेख, शेवटी रेघ वर चढत जाते)

कॅश क्रेडिट म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत हवे तेव्हा पैसे उचलायचं धंद्याचं खातं. ही रेघ बघा. वर्षभर लिमिट निम्मीच वापरलेली, आणि धंदा अडचणीत आला की शेवटच्या काही महिन्यांत एकदम काठोकाठ. घोटाळाच असेल असं नाही, बिचाऱ्याला दुसरीकडे उधार मिळेनासं झालेलं असतं म्हणून तो इथलं सगळं उचलतो. त्यामुळे १०० च्या लिमिटवर आज बाकी ५० दिसतेय म्हणून ५० धरून चालणारा फसतो.

कंपनी बुडणार का हे आधी ओळखायचे प्रयत्न जुने आहेत. १९६८ साली एडवर्ड ऑल्टमन या अमेरिकन प्राध्यापकांनी कंपनीच्या आकड्यांतली पाच गुणोत्तरं घेऊन एकच आकडा काढला, झेड स्कोअर. १.८१ च्या खाली गेलात तर धोका, २.९९ च्या वर असाल तर निवांत, आणि मधे असाल तर सांगता येत नाही (हे कबूल केलंय हे मला फार आवडतं).

आणि धोका फक्त वर्षांमधे मोजायचा असतो असंही नाही, कधी कधी तो काही तासांचा असतो. २६ जून १९७४, जर्मनीतल्या कोलोनची हेर्श्टाट बँक. समोरच्या बँकांनी परकीय चलनाच्या व्यवहारात आपले मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) देऊन टाकलेले, बदल्यात डॉलर काही तासांनी न्यूयॉर्कमधे मिळायचे होते, आणि मधल्या वेळेत जर्मन अधिकाऱ्यांनी बँकेला टाळं लावलं. मार्क गेले, डॉलर आले नाहीत. त्याच वर्षाच्या शेवटी बासेल समिती, म्हणजे बँकांवर देखरेख ठेवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय समिती, बसली आणि १९८८ ला नियम आला की जोखमीनुसार वजन लावलेल्या मालमत्तेच्या (बँकेसाठी मुख्यतः दिलेली कर्जं) किमान ८ टक्के भांडवल, म्हणजे मुख्यतः बँकेचा स्वतःचा पैसा, ठेवा.

आता हे भांडवल कशासाठी? त्या २० जणांसाठी नाही हो, त्यांचं व्याजात भागलंय. ज्या वर्षी २० च्या जागी १५० थकतील त्या वर्षासाठी. आणि १५० कधी थकतात, तर सगळ्यांचं दुखणं एकच असतं तेव्हा, एकाच कारखान्याचे पुरवठादार, एकाच पिकावर जगणारे, एकाच भागात घरं घेतलेले. २००८ च्या आधी अमेरिकेत गृहकर्जांचे गठ्ठे बांधून त्यांना सर्वात वरचं रेटिंग मिळत होतं, कारण घरांच्या किमती देशभर एकदम पडणार नाहीत असं धरलेलं होतं. पडल्या की!

(दृश्य: पुन्हा तोच ऑफिसर, स्क्रीनवर एक तक्ता)

आपल्या फाईलचं काय झालं? धंदा चांगला, तारण भक्कम, मालकाने एकही हप्ता चुकवलेला नाही. पण तक्त्यात त्या उद्योगापुढे लाल खूण आहे, त्या क्षेत्राला द्यायची मर्यादा गेल्या आठवड्यातच भरली. ऑफिसर फाईल बंद करतो आणि फोन उचलतो, आता हे त्या मालकाला समजावून सांगायचंय.