वेचणीच्या वहीतली ओळ

(दृश्य: दिवाळीनंतरची संध्याकाळ. धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेला काटा, खाली पांढरी गाठोडी.)

हे वर्धा जिल्ह्यातलं आमचं कापसाचं वावर. दिवस कलला की बाया ओट्या सोडतात, गाठोडी बांधतात आणि एकेक करून काट्याजवळ येतात. मजुरी किलोवर, म्हणून वजन तिथंच, सगळ्यांच्या देखत वहीत उतरतं. ही वही मामाजींनी माझ्याकडे दिली त्याला नऊ हंगाम झाले. ताप असो की घरी पाहुणे, वेचणीच्या दिवसात एक संध्याकाळ कोरी गेलेली नाही.

आणि याच हातानं तीन वर्षं कविता लिहिली नव्हती.

लग्नाआधी मी लिहायची, कॉलेजच्या अंकात छापूनही आलं होतं. मग सुचेनासं झालं. सुचत नाही म्हणून वही उघडायची नाही, उघडत नाही म्हणून सुचायचं नाही. वेळ कमी होता हे खरंच आहे. वावरातून आल्यावर स्वयंपाक, भांडी, पोरांचा अभ्यास. त्यानंतर बाईला कोणी विचारत नाही, तुला लिहायचंय का म्हणून. पण त्याहून मोठी अडचण मीच घालून ठेवली होती. पहिलीच ओळ छापण्यासारखी यावी, हा माझा हट्ट होता.

(दृश्य: वहीचं पान जवळून. नावं, किलो, बेरीज. बेरजेखाली निळ्या शाईतली एक ओळ.)

एका संध्याकाळी बेरीज झाली आणि पानाला जागा उरली. पेन हातातच होतं. लिहिलं, 'आज दव उशिरा सुकलं. बाया कितीतरी वेळ धुऱ्यावर बसून होत्या.' दुसऱ्या दिवशी बेरजेखाली पुन्हा एक. वजन लिहिताना मनाची तयारी लागत नाही, तशीच ती ओळही लिहून व्हायची. एका आठवड्यात सलग चार दिवस फक्त 'आज काही नाही' एवढंच आहे. ते मी खोडलेलं नाही. ते चार दिवस नसते, तर पाचवा आला नसता.

एका मावशीनं डोकावून विचारलं, "काय लिहून राहिली वं?" मी वाचून दाखवलं. म्हणाली, "माह्या नावापुढं नुसते किलोच लिहितं. माह्या पायात काटा मोडला, थे बी लिह्य ना."

लिहिलं. तीन वर्षांनंतरची पहिली कविता त्या काट्यावरच झाली. पण त्याच रात्री नाही. संक्रांत उलटून गेली होती, आणि तोवर पानापानांखाली पुष्कळ ओळी साठल्या होत्या.

(दृश्य: गोपुरी, वर्धा. गीताई मंदिरातल्या उभ्या शिळा.)

इथं आले की मी दगडांवरून हात फिरवते. गीतेचं मराठी तूच का करत नाहीस, असं विनोबांना त्यांच्या आईनं म्हटलं होतं. आई 1918 साली गेली. गीताई सुरू झाली 7 ऑक्टोबर 1930 ला आणि पूर्ण झाली 6 फेब्रुवारी 1931 ला. 700 श्लोक, 123 दिवस. दिवसाला सरासरी सहासुद्धा पडत नाहीत. विनोबांची तपश्चर्या कुठे आणि मी कुठे, पण हा हिशोब मांडला तेव्हा मला फार धीर आला. आईचा शब्द मनात राहिला बारा वर्षांहून जास्त, आणि तो कागदावर आला चार महिन्यांत, थोडा थोडा करून.

(दृश्य: उन्हाळा. रिकामं वावर, उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग.)

फरदड, म्हणजे मुख्य वेचणीनंतरचा उशिराचा कापूस, संपली की काटा माळ्यावर जातो, वही बंद होते. पहिल्या उन्हाळ्यात माझं लिहिणंही तिच्यासोबत बंद पडलं. पुढच्या वर्षी दुधाच्या हिशोबाखाली ओळ लिहायला लागले. दूध रोजचंच.

(दृश्य: पुन्हा बाभळीखाली. अंधारून आलंय, मोबाइलच्या उजेडात वही.)

यंदा सीतादहीच्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवून पहिलं बोंड वेचलं, आणि त्याच संध्याकाळी नवी वही उघडली. आता बाया वजन सांगून लगेच हलत नाहीत.

"माहे किती झाले?"

"अठरा."

"अन् खाली काय लिहितं आज?"

(पडद्यावर फक्त पेनचा आवाज.)