वर्म, मर्म आणि चिलखताची साक्ष

श्रोतेहो,

आजच्या विषयाची सुरुवात मी एका शब्दापासून करतो. 'वर्म' हा शब्द आपण मराठीत नित्य वापरतो. कुणाच्या वर्मावर बोट ठेवतो, एखाद्याचे बोलणे वर्मी लागते, घाव वर्मी बसतो. म्हणजे आपल्या लेखी वर्म ही माणसाची नाजूक जागा आहे. संस्कृतात मात्र 'वर्मन्' म्हणजे ती नाजूक जागा झाकणारे चिलखत. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील पंचाहत्तराव्या सूक्तात रणात निघालेल्या योद्ध्याला उद्देशून 'मर्माणि ते वर्मणा छादयामि', म्हणजे 'तुझी मर्मस्थाने मी कवचाने झाकतो', असे म्हटले आहे. झाकण आणि झाकायची जागा ही दोन्ही एकाच शब्दाभोवती अशी फिरत राहावीत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते; कारण प्राचीन आणि मध्ययुगीन युद्धांत चिलखत किती उपयोगी पडत होते, हे ठरवायचे तर चिलखताकडे पाहून भागत नाही, त्याने न झाकलेल्या जागांकडे पाहावे लागते.

महाभारतातल्या द्रोणपर्वात याचे उत्तम उदाहरण आहे. जयद्रथवधाच्या दिवशी द्रोणाचार्य दुर्योधनाच्या अंगावर मंत्रांनी अभेद्य केलेले कवच बांधतात. अर्जुनाचे बाण त्यावर आपटून खाली पडू लागतात, कृष्णालाही नवल वाटते. मग अर्जुन काय करतो? तो कवचावर बाण वाया घालवणे थांबवतो, दुर्योधनाचे घोडे आणि सारथी मारतो, धनुष्य तोडतो आणि शेवटी उघड्या राहिलेल्या तळहातांचा वेध घेतो. कवच अभेद्यच राहते, पण ते घातलेल्या माणसाला मागे फिरावे लागते. ही कथा रचणाऱ्याला प्रत्यक्ष लढाईची चांगली जाण असली पाहिजे, असे मला नेहमी वाटते, कारण पुराणकथेच्या बाहेरही, जमिनीखालून निघालेल्या हाडांमध्ये, नेमका हाच व्यवहार दिसतो.

बाल्टिक समुद्रात गॉटलंड नावाचे बेट आहे. २७ जुलै १३६१ रोजी तेथील विस्बी शहराच्या तटाबाहेर डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याच्या कसलेल्या सैन्याने बेटावरच्या शेतकऱ्यांच्या फौजेची कत्तल केली. उन्हाळ्याचे दिवस होते, प्रेते लवकर सडू लागली, आणि त्यामुळे एरवी कधी घडत नाही ते घडले. मेलेल्यांच्या अंगावरची चिलखते पूर्णपणे उतरवून न घेता अनेकांना तसेच मोठ्या खड्ड्यांत पुरण्यात आले. चिलखत ही महागडी वस्तू, विजयी सैनिक ती सोडत नसत. म्हणूनच मध्ययुगीन रणभूमीवरची चिलखते आपल्याला जागच्या जागी सापडत नाहीत. विस्बीला ती सापडली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालेल्या उत्खननांत अकराशेहून अधिक माणसांचे अवशेष निघाले. त्यांत म्हातारे होते, कोवळी पोरेही होती. काहींच्या कवट्यांवर कड्यांची टोपरी अजून तशीच होती, काहींच्या धडाभोवती कापडाच्या आत लोखंडी पत्रे ठोकून केलेली अंगरखी होती.

या हाडांवरचे घाव तपासले तेव्हा तलवारीच्या आणि कुऱ्हाडीच्या वारांचा मोठा भाग गुडघ्याखाली, नडगीच्या हाडावर आढळला. एका माणसाचे तर दोन्ही पाय एकाच वाराने तुटलेले होते. धडावर पत्र्याची अंगरखी, पुढे ढाल, डोक्यावर टोपरे. मग समोरच्याने वार करायचा तो कुठे? पायांवर. खाली कोसळलेल्या माणसाच्या डोक्यावर मग दुसरा घाव. येथे एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. कड्यांचे टोपरे असूनही त्याच्या आतल्या कवटीत रुतून बसलेली बाणांची पाती विस्बीला सापडली आहेत. तेव्हा कड्यांचे चिलखत बाणापुढे सदैव टिकत असे, असा दावा कुणी करू नये.

हाडांची साक्ष वाचताना मी स्वतःलाही एक सावधगिरी नेहमी बजावतो. खड्ड्यात फक्त मेलेली माणसे असतात. ज्याच्या छातीवर तलवार घसरली आणि जो संध्याकाळी घरी जाऊन जेवला, त्याचा सांगाडा आपल्याला तेथे मिळत नाही. चिलखताचे यश असे अदृश्य राहते. शिवाय पोटात शिरलेला भाला हाडाला न लागता माणूस मारू शकतो, तो घाव पुढच्या पिढ्यांना दिसतच नाही. म्हणून विस्बीच्या पायांवरून थेट टक्केवारी मांडण्याचा मोह टाळावा. पण घाव कोणत्या दिशेला वळले होते, हे मात्र त्यांवरून निश्चित कळते.

त्यापुढच्या शतकातली आणखी एक साक्ष इंग्लंडातली आहे. २९ मार्च १४६१ रोजी टाउटन येथे बर्फाच्या वादळात झालेल्या लढाईतील काही मृतांचा खड्डा १९९६ मध्ये बांधकामाच्या वेळी उघडा पडला. तेथे तपासता आलेल्या २८ कवट्यांपैकी २७ वर मृत्यूच्या वेळचे घाव होते, तेही एकेका कवटीवर अनेक, आणि मानेखालच्या हाडांवर मात्र त्या मानाने फारच थोडे. याचा सरळ अर्थ असा, की मरताना या माणसांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. पळताना श्वास घेता यावा म्हणून त्यांनी ते फेकले असेल, किंवा पकडल्यावर शत्रूने काढले असेल. १४८५ मध्ये बॉसवर्थला मारला गेलेला राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर शहरात सापडला. त्याच्या हाडांवरच्या अकरा घावांपैकी नऊ कवटीवर आहेत. उरलेले दोन बरगडीवर आणि कटीच्या हाडावर आहेत, आणि अंगावर पोलादी चिलखत असताना ते होणे कठीण, म्हणून ते चिलखत उतरवल्यावर प्रेतावर केलेले असावेत असे तपासणाऱ्यांचे मत पडले. चिलखत तेथे नसतानाही, घाव कुठे नाहीत यावरून, ते कुठवर होते हे ओळखता आले.

आता ज्यांना चिलखताने वाचवले, त्यांच्याकडे वळतो. त्यांची हाडे नसली तरी त्यांना पाहणाऱ्यांचे शब्द आहेत. ११९१ मध्ये तिसऱ्या धर्मयुद्धात, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्ती फौजांच्या पॅलेस्टाइनवरच्या स्वारीत, इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड समुद्रकाठाने दक्षिणेकडे कूच करत होता आणि मुस्लिम सुलतान सलाहुद्दीनचे घोडेस्वार धनुर्धर त्याच्या पायदळाला बाण मारत होते. सलाहुद्दीनचा चरित्रकार बहाउद्दीन स्वतः तेथे हजर होता. पाठीत एकापासून दहापर्यंत बाण रुतलेले फ्रँक, म्हणजे युरोपीय, सैनिक ओळ न मोडता चालत राहिलेले आपण पाहिले, असे त्याने लिहून ठेवले आहे. ही शत्रूची साक्ष आहे, म्हणून ती मला अधिक मोलाची वाटते. त्या सैनिकांच्या अंगावर जाड नमद्याचे अंगरखे आणि त्यांवर कड्यांची चिलखते होती. बाण कड्यांत अडकत, नमद्यात थबकत, आणि कातडीपर्यंत पोहोचले तरी तेथे त्यांचा जोर सरलेला असे.

त्याच्या आधीची, १११९ मधली ब्रेम्यूलची लढाई घ्या. इंग्लंडचा पहिला हेन्री आणि फ्रान्सचा सहावा लुई यांच्यात ती झाली. ऑर्डेरिक व्हिटॅलिस या इतिहासकाराने लिहिले आहे, की लढलेल्या सुमारे नऊशे सरदारांपैकी केवळ तिघेच मारले गेल्याचे आपल्या कानावर आले. कारण त्याने दुहेरी दिले आहे. ते लोखंडात मढलेले होते, आणि एकमेकांना ठार मारण्यापेक्षा पकडण्याकडे त्यांचा कल होता. ही दोन कारणे वेगळी नाहीत, असे मला वाटते. ज्याला मारायला वेळ लागतो, त्याला शरण येण्याचीही संधी मिळते आणि मग त्याची खंडणी ठरवता येते. चिलखताने युद्धाचा हिशेबच बदलला, आणि ज्या पायदळाच्या अंगावर ते नव्हते, त्याला या सौम्यपणाचा वाटा मिळाला नाही.

हे चिलखत काम कसे करत असे? कड्यांच्या चिलखतात एकेक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंफून रिवेटने बंद केलेली असते. धार फिरवून केलेला वार तिच्यावर निष्प्रभ होतो. मात्र घावाचा दणका ती अडवत नाही; गदेचा किंवा जड तलवारीचा मार आतल्या हाडापर्यंत जातोच. म्हणून आत गोधडीसारखा टाचलेला, कापूस किंवा चिंध्या भरलेला अंगरखा असे, आणि माझ्या मते श्रेयाचा अर्धा वाटा या कापडाचा आहे, जो संग्रहालयात क्वचितच दिसतो, कारण लोखंड उरते आणि कापड कुजते. पंधराव्या शतकातल्या युरोपीय पत्र्याच्या चिलखताची युक्ती वेगळी होती. त्याचा प्रत्येक भाग गोलाईचा आणि मध्ये उंचवटा असलेला असतो, त्यामुळे बाणाचे किंवा भाल्याचे टोक सरळ बसण्याऐवजी घसरते. पत्रा सगळीकडे सारख्या जाडीचाही नसे. छातीवर आणि कपाळावर जाड, दंडावर आणि पोटऱ्यांवर पातळ. लोहाराला मर्मे ठाऊक होती.

हत्यारेही मग बदलली. जाड पत्रा फोडता येत नाही म्हटल्यावर हातोडे आणि चोच असलेले परशू आले, काखेच्या आणि डोळ्यांच्या फटीतून घालायचे अरुंद खंजीर आले. आपल्याकडे कड्या उसवण्यासाठी टोकाला जाड केलेली कट्यार आणि अरुंद पात्याचे पेशकब्ज आले. उलट दिशेचा बदल रोमन काळातही सापडतो. सम्राट ट्रेजनच्या काळात, इसवी सन १०१ ते १०६ दरम्यान, आजच्या रुमानियातील डेशियन लोकांशी झालेल्या युद्धांत त्यांचे दोन हातांनी चालवायचे, आतल्या बाजूला धार असलेले, मोठ्या कोयत्यासारखे शस्त्र रोमनांना जड गेले. त्यानंतर रोमन शिरस्त्राणांवर आडव्या-उभ्या लोखंडी पट्ट्या बसवल्या गेल्या, आणि अदामक्लिसीच्या विजयस्मारकावर कोरलेल्या सैनिकांच्या तलवारीच्या हातावर पट्ट्यांचे बाहूकवच दिसते. एका प्रांतातल्या एका हत्याराने साम्राज्याचे शिरस्त्राण बदलावे, हे त्या हत्याराच्या भीषणतेचे प्रमाणपत्रच आहे.

या संरक्षणाची किंमत मात्र श्वासाने मोजावी लागत असे. चांगले मापून केलेले पत्र्याचे चिलखत घालून घोड्यावर चढता येत नाही, त्यासाठी यारी लागते, ही समजूत चुकीची आहे. १४०० च्या सुमारास फ्रेंच सेनानी बूसिको चिलखतात कोलांटउड्या मारत असे, अशी नोंद आहे. पण हालचाल करता येणे वेगळे आणि ती तासन्‌तास करत राहणे वेगळे. लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अशी चिलखते घालून सराव करणाऱ्यांना फिरत्या यंत्रपट्ट्यावर (ट्रेडमिलवर) चालवले, तेव्हा चालण्याला लागणारी शक्ती दुपटीहून अधिक भरली. पायांवरचे वजन प्रत्येक पावलाला उचलावे लागते आणि छातीवरच्या पत्र्यामुळे खोल श्वास घेता येत नाही, ही त्याची कारणे. १४१५ मध्ये फ्रान्समधल्या अजिनकोर्टला नांगरलेल्या, पावसाने भिजलेल्या शेतातून फ्रेंच सरदार चालत गेले, तेव्हा इंग्रजांचे बाण त्यांच्या छातीचे पत्रे फोडत होते की नाही, यावर आजवर पुष्कळ वाद झाला आहे. मला तो वाद दुय्यम वाटतो. मान खाली घालून, मुखावरण बंद करून, गुडघाभर चिखलातून आलेला माणूस इंग्रजांच्या रांगेपर्यंत पोहोचेतो दमलेला होता, आणि पडला की मागच्यांच्या गर्दीत त्याला उठता येत नव्हते.

चेहरा आणि डोळे ही तर पुरती न झाकता येणारी मर्मे. १४०३ मध्ये श्रूजबरीला इंग्लंडचा सोळा वर्षांचा राजपुत्र, पुढे पाचवा हेन्री म्हणून अजिनकोर्ट जिंकणारा, गालात बाण लागून जवळजवळ मेला होता. आपल्याकडे ५ नोव्हेंबर १५५६ रोजी पानिपतावर हेमूचे सैन्य सरशीच्या वाटेवर असताना हत्तीवर बसलेल्या त्याच्या डोळ्यात बाण लागला आणि सैन्य पांगले. पाहावे लागते म्हणून डोळा उघडा, आणि डोळा उघडा म्हणून सेनापती उघडा.

शेवटी आपल्या मातीतली गोष्ट. फारसीत 'जिरह' म्हणजे कड्यांचे चिलखत. त्यावरून 'जिरेटोप' हा शब्द आपल्याकडे आला, म्हणजे मुळात तो कड्यांचा किंवा लोखंडी टोप आहे. आज मराठी मुलाला जिरेटोप म्हटले की चित्रातले नुसते शिरोभूषण आठवते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफजलखानाच्या भेटीला गेले ते अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घालून. खानाने मिठीत घेऊन कुशीत शस्त्र चालवले. सभासदाच्या बखरीत ते कुडतीवर, म्हणजे कड्यांच्या अंगरख्यावर, खरखरले असे वर्णन आहे, आणि 'खरखरले' या एका शब्दात लोखंडावर लोखंड घसरल्याचा आवाज ऐकू येतो. मी या विषयातले पुष्कळ प्रयोग आणि आकडे वाचले, पण चिलखत वार कसा अडवते, हे इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे सांगितलेले मला आढळले नाही. खानाने वाराची जागा बरोबर निवडली होती. बरगडीखालची ती जागा कुणाही माणसाचे मर्मच असते. कपड्याखाली लपलेल्या कड्या त्याला दिसल्या नाहीत. महाराजांचा उलटा वार खानाच्या पोटावर झाला, आणि तेथे त्याला अडवायला लोखंड नव्हते.