रेडिओतला ट्रान्झिस्टर अन् मंडईची रात

(धान कापलेल्या बांध्या. मागं मंडप, लाइटा, जनरेटरचा आवाज.)

दिवाळी झाली, धान निघाला, बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडया म्हणजे जत्रा लागतात. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार आणि रात्री नाटक. पडदा उघडायला दहा-साडेदहा होतात आणि मग पहाटेपर्यंत लोक हलत नाहीत, अंगावर चादरी घेऊन तनसीवर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसून बघतात, लेकरं तिथंच झोपतात. स्टेजच्या पुढं खाली बसतो ते आम्ही म्युझिकवाले. कीबोर्ड, ढोलक, ऑक्टोपॅड आणि कोपऱ्यात मी, गिटार घेऊन. माझ्या पायाजवळ एक लहानसा डबा असतो, त्याच्यावर एकच बटन फिरवायचं. तो बूस्ट पेडल, आज त्याच्याबद्दल सांगतो.

मला जो आवाज पाहिजे असतो तो १९७० च्या आसपासच्या इंग्लिश रॉकचा. जाडसर, कडेला थोडा फाटलेला, तरी प्रत्येक तार वेगळी कळते असा, जोरात मारलं की फाटतो आणि हात हलका केला की साफ होतो. गावातले पोट्टे विचारतात, "दादा, कोणतं पेडल घेऊ?" मी उलट विचारतो, तुझा अँप कोणता हाय गा? अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करून स्पीकरमधून काढणारी पेटी. कारण बूस्ट पेडलला स्वतःचा आवाज फारसा नसतोच. गिटारमधून निघतो तो सिग्नल लहान, तो मोठा करून पुढं ढकलायचा एवढंच त्याचं काम. ६ डेसिबल वाढवलं म्हणजे सिग्नल दुप्पट, २० डेसिबल म्हणजे दहापट. आता तो दहापट झालेला सिग्नल पुढं ज्याच्यावर जाऊन आदळतो तिथं काय होतं, सगळी मजा तिथं आहे.

(लहान काळा अँप, घराच्या ओसरीत.)

हे मला पैसे घालवून कळलं. पहिलं बूस्ट पेडल मी नागपूरहून आणलं, धानाच्या पैशातून, आणि घरी होता १० वॉटचा साधा ट्रान्झिस्टर अँप. दुकानात सांगितलं होतं की हे जोडलं की क्लासिक रॉक टोन आलाच समजा. जोडलं तर क्लीन चॅनलवर नुसता आवाज मोठा झाला, अजून वाढवलं तर करकर करकर, पत्र्यावर खिळा घासल्यासारखं. आठ दिवस वायरी बदलत बसलो. पेडल खराब नव्हतंच. ट्रान्झिस्टर अँपचा क्लीन भाग आपल्या मर्यादेपर्यंत सरळ वाढवतो आणि मर्यादा ओलांडली की सिग्नलचं डोकं कापून टाकतो. जुन्या पद्धतीच्या अँपमधला व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची ट्यूब, तसं करत नाही. अँपमधली पहिली ट्यूब, बहुतेक ईसीसी८३ असते, तिच्यावर मोठा सिग्नल आला की ती हळूहळू दबते, टोकं गोल होतात, आवाज दाटतो. म्हणून तेव्हाचे लोक मार्शल, व्हॉक्स असे अँप जोरात ठेवायचे आणि बूस्टनं त्यांना अजून थोडं पुढं रेटायचे. फाटायचा तो अँप, पेडल नाही.

मग ज्याच्याकडं ट्यूब अँप नाही, आणि आमच्याकडं कोणाकडं असतो, त्यानं काय करायचं? मी काही वर्षं हे केलं, ट्रान्झिस्टर अँपच्या आधी मार्शलच्या जातीचं एक ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे स्वतःच आवाज फाडणारं, कायम चालू ठेवायचं, गेन म्हणजे फाडणं कमी, आणि बूस्ट त्या पेडलच्याही आधी. म्हणजे बूस्टला रेटायला काहीतरी मिळतं. हीच गोष्ट उलटी केली, बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या नंतर लावला, तर फाटणं वाढत नाही, नुसता आवाज वाढतो, आणि नाटकात गाण्याच्या मधल्या तुकड्यात गिटार वर काढायला तेच कामाचं असतं. आधी की नंतर, एवढं एक समजलं ना की अर्धी निवड झालीच.

(उघडलेला जुना रेडिओ, हिरवी पाटी, सोल्डरिंग आयर्न.)

पण माझा जीव ज्याच्यात आहे तो डबा वेगळा. १९६० च्या दशकाच्या मध्यात लंडनच्या डॅलस कंपनीनं रेंजमास्टर नावाचा ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे बारीक सूर जास्त वाढवणारा डबा, काढला. आत एकच जर्मेनियमचा, म्हणजे सिलिकॉनच्या आधीच्या जुन्या पद्धतीचा ट्रान्झिस्टर, ओसी४४, बाहेर बूस्टचं एकच बटन. आयरिश गिटारवाला रोरी गॅलेघर हा डबा व्हॉक्स एसी३० अँपला लावायचा, ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीनं आपल्या डब्यात आतून फेरफार करून घेऊन तो लेनी अँपला लावला. आत शिरताना एक फक्त ५ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे, तो खालचा बेस अडवून धरतो. अँप फाटायला लागला की सगळ्यात आधी बेसचा चिखल होतो, जाड तारा एकमेकीत मिसळतात. बेस आधीच कमी करून पाठवला की फाटलेला आवाजही नीट ऐकू येतो. नाव ट्रेबल बूस्टर म्हणून लोकांना वाटतं कान फोडत असंल, पण जोरात ठेवलेल्या ट्यूब अँपवर तो जाड वाटतो, मधाळ वाटतो.

आणि हा ओसी४४ मुळात बनला होता रेडिओसाठी. हे वाचलं तेव्हा मला आजोबांचा रेडिओ आठवला, माळ्यावर पडलेला, ज्याच्यावर ते शेतीचा कार्यक्रम ऐकायचे. उघडला. ओसी४४ नव्हता, पण आवाज बाहेर काढायच्या भागात एसी१२८ ची जोडी होती, तीही जर्मेनियम. एक चालला. गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडं बसून चार रेझिस्टर-कपॅसिटर जोडले, ९ व्होल्टची बॅटरी लावली. एक मिलिअँपिअरही करंट खात नाही, म्हणून बॅटरी महिनोन् महिने पुरते, फक्त वाजवून झालं की जॅक काढून ठेवायचा. हा ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचा असल्यामुळं बॅटरीचं प्लस टोक अर्थिंगला येतं, म्हणून बाकी पेडल्सच्या अडॅप्टरवर तो जोडायचा नाही. आणि गिटारची वायर सरळ त्याच्यातच जायला पाहिजे, मधात दुसरं बफरवालं, म्हणजे सिग्नल सांभाळून पुढं पाठवणारं पेडल आलं की आवाज टोचायला लागतो.

तोपर्यंत मी सेकंडहँड १५ वॉटचा ट्यूब अँप घेतला होता. पहिल्यांदा दोन्ही जोडून एक कॉर्ड मारली तेव्हा काका काहीच बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "अजून एकदा मार."

(दुपार. रस्त्यावर कोणी नाही. कूलर चालू.)

आता जे इंग्लंडात बसून लिहिणाऱ्याला सांगायची गरज पडत नाही ते. जर्मेनियमला गरमी सोसत नाही. त्याच्यातून नको तो करंट गळत असतो आणि तापमान साधारण १० डिग्रीनं वाढलं की तो गळका करंट दुप्पट होतो. ट्रान्झिस्टरचं बसलेलं गणित सरकतं, आवाज आधी मऊ होतो, मग तुटक, मग बारीक. डिसेंबरच्या मंडईत ज्या डब्यानं सोनं केलं तोच डबा मे महिन्यात लग्नाच्या मांडवात ४५ डिग्रीत रडला, तिसऱ्या गाण्याला मी तो काढूनच टाकला. आमच्या इकडच्या पोरांनी महागडा जर्मेनियम मागवायच्या आधी हे समजून घ्यावं, मनापासून सांगतो. उन्हाळ्यासाठी मी तोच सर्किट सिलिकॉनवर बनवला, बीसी५४९ घालून, पार्ट सगळे सीताबर्डीत मिळाले. थोडा कडक वाजतो, त्याची धार एका लहान कपॅसिटरनं मारली. हा एनपीएन, म्हणजे उलट्या जातीचा असल्यामुळं अडॅप्टरही चालतो.

विकतचंच घ्यायचं असंल तर एलपीबी-१ घ्या, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या सुरुवातीच्या वस्तूंपैकी, सिलिकॉनवर चालतं, साधं आहे. एमएक्सआरचा मायक्रो अँप २६ डेसिबलपर्यंत ढकलतो, आवाजाचा रंग फारसा बदलत नाही. एक्झोटिकचा ईपी बूस्टर इकोप्लेक्स ईपी-३ नावाच्या जुन्या इको यंत्राच्या प्रीअँपवरून घेतलेला, तो थोडा रंग देतो. ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल बूस्टसारखं वापरायचं तर ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल वर, ते बेस कापून मधला भाग पुढं आणतं. आणि सिंगल कॉइल गिटार, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपची, असंल तर बूस्ट लावायच्या आधी कूलरपासून दूर बसा, मोटरची गुणगुण गिटार पकडते आणि बूस्ट तिलाही तितकीच मोठी करतो.

(परत मंडप. रात्रीचे दोन.)

आता दुसरा अंक संपलाय. बाहेर चहावाल्याकडं गर्दी आहे, धुकं तलावावरून मंडपापर्यंत आलंय आणि माझी बोटं गारठलीत. रेडिओवाला डबा आज बरोबर वाजतोय. अँपसमोर माइक लावलाय, बूस्टचं बटन अर्ध्याच्या थोडं पुढं, गिटारचा व्हॉल्यूम सहावर. गाणारी बाई गात असेपर्यंत सहाच राहील. मधला तुकडा आला की करंगळीनं तो दहावर न्यायचा, आणि ढोलकवाला दादा माझ्याकडं बघायला लागलाय, म्हणजे पडदा उघडतोय.